महासंगणकाच्या रांगेतून

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार

आदरणीय केरबामामांस,

निशाचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगा. आम्ही मायलेकी ठीक आहोत, म्हणजे आई ठीक आहे आणि मी दर दोन मिनिटांनी खुर्चीतून उठते आहे. आई उद्या बिद्रीला येतेय, तिच्याकडेच हे पत्र देते (ती तोंडीही सांगेल, पण ती सगळ्याला ‘कॉम्प्युटर बिघडलाय’ एवढंच म्हणते).

तर माझ्या पीएच.डी.च्या गणितांना लॅपटॉपवर चार वर्षं लागली असती, म्हणून महासंगणक वापरायची परवानगी मागितली. तो असतो दुसऱ्या शहरात, आपण इथून इंटरनेटने आत शिरायचं. महिनाअखेर आकडे दिले नाहीत तर मार्गदर्शक बाई प्रबंध पुढच्या वर्षावर ढकलणार आहेत. त्यात अर्जावर विभागप्रमुखांची सही मिळायलाच अकरा दिवस गेले (ते पन्हाळ्याला चर्चासत्रात होते, विषय: वेळेचं नियोजन).

मग पासवर्ड आला. काळ्या पडद्यावर तो टाईप करायला घेतला तर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला असं समजून मी एकेक बटण दोन-दोनदा, जोर लावून दाबलं. पाचव्या प्रयत्नाला माझं खातंच बंद झालं. महासंगणकाच्या मदतकेंद्राला फोन केला, तर तिथले आदर्श नावाचे गृहस्थ आपल्या कागलचे निघाले. म्हणाले, “मॅडम, पासवर्ड तिथं दिसतच न्हाय की. कुणी बघू नये म्हणून.”

“मीसुद्धा?”

“तुमीबी.”

त्यांनी खातं उघडून दिलं. मी आनंदाने आत गेले आणि सगळी गणितं तिथेच सुरू केली. ती जागा नुसती आत येण्यापुरती होती, हे अर्ध्या तासाने कळलं, कारण तोवर बाकी कुणालाच आत येता येईना. पुन्हा आदर्शचाच फोन. “तुमी कारखान्याच्या गेटातच ऊस गाळाय बसलाय,” ते शांतपणे म्हणाले. गणित रांगेत लावायचं, नंबर आला की महासंगणक ते स्वतः करतो, अशी पद्धत आहे.

परवा माझा नंबर लागला आणि गणित चार सेकंदांत संपलं. आई पेढे आणायला चपला घालून खाली उतरली. पण ते संपलं नव्हतं, बंद पडलं होतं; मी फाईलचं नाव चुकवलं होतं. आता पुन्हा रांगेत शेवटी. नंबर लागला का हे मी सारखी बघते, म्हणून आई म्हणाली, “दर घटकेला झाकण काढल्यावर भात शिजतोय व्हय?”

तुमची भाची,
निशा

ता.क. खरं काम राहिलंच. रविवारी तुम्ही जीप करून गावातली बारा माणसं महासंगणक बघायला आणणार, असं आईने आज सांगितलं. मामा, इथे बघायला फक्त काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं आहेत. कृपा करून त्यांना थांबवा.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी एकदा बघितलं. नंबर लागलाय. पाऊण तास झाला, गणित अजून बंद पडलेलं नाही. रविवारपर्यंत चालेल असं दिसतंय. मला एकटीला हे बघवायचं नाही. या तुम्ही. बाराच्या बारा आणा.