रडणाऱ्याला वर्गाबाहेर काढू नये

मी, खाली सही करणारी, निवृत्त इतिहासशिक्षिका, अविवाहित, शुद्धीत आणि स्वसंतोषाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही, हेही नमूद करते.

१. राहते घर धाकट्या भावास द्यावे. आई गेली तेव्हा तो फोनवर म्हणाला, "ताई, काय लागेल ते कळव." लागत होता तो. आला नाही. घर नावावर करण्याआधी त्याने आईच्या खोलीत एक अख्खा दिवस एकट्याने बसावे, रेडिओ न लावता. मग खुशाल विकावे.

२. बँकेतील ठेवी माझ्या शाळेस, मुलांचे ऐकून घेणारे एखादे माणूस नेमण्यासाठी. शाळेवर माझा राग आहे, मुलांवर नाही. लढाईच्या धड्याला मी सनावळ्या बाजूला ठेवून विचारले होते, "परत न आलेल्या शिपायाच्या घरी काय झालं असेल?" सगळी मुले ज्याला टरकून असत तो 'दांडगा' हुंदके देऊ लागला. त्याचा थोरला भाऊ वडिलांशी भांडून परागंदा झाला होता.

मुख्याध्यापकांनी बोलावले. "बाई, तुम्ही पोरांना रडवता, अशी तक्रार आहे."

"रडवत नाही, सर. रडू आलं तर वर्गाबाहेर काढत नाही, एवढंच."

माझा विषय काढून घेतला. निवृत्तीपर्यंत मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले. मुख्याध्यापकांची मर्जी जाईल म्हणून माझ्यासोबत डबा खायलाही कोणी बसेना.

३. मृत्युपत्राचा व्यवस्थापक दांडगा. तो आता प्लंबर आहे. मागे नळ दुरुस्त करायला आला आणि हातात पाना धरून उभाच राहिला.

"बाई, ओळखलंत? त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना म्हटलं, दादाला आणा. तसेच उठले ते. बसस्टँडच्या हॉटेलात कपबश्या विसळत होता."

"आणि आला?"

"आला की! आता शेजारीच राहतो. अजून भांडतात दोघं."

इतक्या वर्षांनी मला हे कळले. तो गेल्यावर सांगायला कोणी नव्हते, म्हणून आरशापुढे उभी राहून मोठ्याने सांगितले.

४. शेवटच्या वेळी मी बहुधा एकटीच असेन. जो कोणी दार उघडेल त्याने घाबरू नये, लगेच फोन करत सुटू नये. थोडे जवळ बसावे. काही बोलले नाही तरी चालेल.

साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई (सही), कोपऱ्यावरचे औषधवाले (सही). दोघांनीही आज प्रथमच माझे घर आतून पाहिले.

स्थळ: राहते घर. दिनांक: चौदा जून.

सही: बाई