छत्रीची पिशवी

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरून घेतेस, म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, आणि घाबरलीस तरी बाबांना इतक्यात काही कळू देऊ नकोस.

माझा प्रबंध अडकला आहे. बाहेरच्या विद्यापीठातल्या ज्या बाईंकडे तो तपासायला गेला होता, त्यांनी तिसऱ्या प्रकरणावर वाङ्मयचौर्याचा शेरा मारून परत पाठवला. त्यांचा स्वतःचा एक जुना निबंध आहे, न्यायालयाबाहेरच्या बाकांवर माणसं आपला नंबर कसा सांभाळतात यावर. माझं प्रकरण दवाखान्यातल्या बाकांवर. बाईंचं म्हणणं, मी त्यांचा निबंध उचलला. आत्या, मी त्यांचं एक वाक्यही घेतलेलं नाही. विद्यापीठाच्या चोरी पकडणाऱ्या संगणकालाही काही सापडलं नाही. शिवाय निबंधाचं नाव मागे संदर्भांच्या यादीत दिलेलं आहे. माणसाने आणखी काय करायचं?

समिती २६ तारखेला बसणार. आरोप टिकला तर नोंदणी रद्द. कॉलेजातली माझी जागा पदवी मिळेल या बोलीवर आहे, तीही जाणार. कॉलेजात चहाच्या वेळी आता कोणी हाक मारत नाही, आणि मार्गदर्शक सर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. प्रकरणाची भाषा तूच तपासली होतीस. तूच सांग, त्यात कुठे चोरी दिसली का तुला?

घाईत लिहिते आहे म्हणून अक्षर वाकडं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. दोन कप आपटून झाले, एकाचा कान गेला. मी आयुष्यभर छापखान्यासाठी लोकांची पुस्तकं तपासली. उचललेला मजकूर मला लगेच कळतो, कारण त्या ठिकाणी लिहिणाऱ्याचं व्याकरण अचानक सुधारतं. तुझ्या प्रकरणात असं कुठेही झालेलं नाही. भाषा पहिल्या पानापासून तुझी आहे, चुकांसकट. त्या बाईंना म्हणावं, एक वाक्य दाखवा.

सुट्टीत आपण काय खेळायचो ते त्यांना कुठून ठाऊक असणार? गोष्टीचं एक पान वाचायचं आणि मूळचा एकही शब्द न वापरता तीच गोष्ट सांगायची. तुझा बाप तिसऱ्या वाक्याला बाद होऊन झोपायला जायचा. तू कधी बाद झाल्याचं मला आठवत नाही. राजा हा शब्द टाळण्यासाठी तू एकदा अख्खा वेळ त्याला राणीचा नवरा म्हणत होतीस.

मात्र तो निबंध मी वाचलेला नाही. प्रकरण आणि निबंध दोन्ही पाठव, म्हणजे समितीपुढे काय बोलायचं ते मुद्देसूद लिहून देते. बापाला काही बोलले नाही. त्याला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हातारीवर भरवसा ठेव.

तुझी,
आत्या


ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. सोबत दोन्ही पाठवते. पण त्याआधी एक मागणं आहे, ते सरळच लिहिते.

काल सरांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि एक वाट सुचवली. प्रकरणात बाईंच्या नावाची तळटीप होती, पण भाषा तपासताना टिपांचे आकडे नव्याने लावले गेले आणि त्यात ती गळाली, असं सांगायचं. तपासणाऱ्याने तसं लिहून दिलं की ती चूक ठरते, चोरी ठरत नाही. दुरुस्ती करून प्रबंध पुढे जातो. सर म्हणाले की त्यांच्या कारकिर्दीत अशा तळटिपा पुष्कळ गळालेल्या आहेत.

तपासणारी तू. तू निवृत्त आहेस, तुला आता कोण काय करणार? चार ओळींचं काम आहे. तुझ्या हातून कधी टीप गळाली नाही आणि छापखान्यात तुझ्या नावाची धास्ती होती, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुझ्या शब्दाला वजन येईल. दुकानातलं काम सुटल्यापासून बाबा दिवसभर घरात असतात आणि घर माझ्या पगारावर चालतं, हे तुला सांगायला नको. वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरं कोणी नाही म्हणून तुझ्या गळ्यात पडते आहे.

टपाल वेळेत मिळेल असं बघ. पाठीवर हात असू दे.

तुझी,
भिंगरी


ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

टेबलावर डावीकडे बाईंचा निबंध ठेवला, उजवीकडे तुझं प्रकरण, आणि ओळीला ओळ लावत गेले. आता जे लिहिते ते कडू आहे. बसून वाच.

शब्द एकही सारखा नाही, हे खरं. पण त्या जिथे वळतात तिथे तू वळतेस. त्या आधी म्हणतात, रांग लावलेली नसली तरी ती असतेच, माणसांच्या नजरेत असते. मग म्हणतात, माणूस दाराकडे तोंड करून बसत नाही, आपल्या आधी आलेल्याकडे तोंड करून बसतो. मग उदाहरण, मग एक शंका, मग तिचं उत्तर. तुझंही सगळं ह्याच क्रमाने, शंकेसकट. दुसऱ्याचं घर आतून बाहेरून नव्याने रंगवलं म्हणून ते आपलं होत नाही, बाळा.

आणि ती छत्री. बाईंचा म्हातारा बाकावर छत्री ठेवून पाणी प्यायला जातो आणि त्या जागेवर कोणी बसत नाही. तुझ्याकडे एक म्हातारी पिशवी ठेवून जाते. ती म्हातारी तू पाहिली होतीस का? मला कळवू नकोस. स्वतःला विचार.

भाषा तपासताना मी वाहवा करत होते, आज तीच भाषा बघून धडकी भरली. चार वाक्यं जशीच्या तशी राहिली असती तर लोक तुला निष्काळजी म्हणाले असते. एकही राहिलं नाही, म्हणजे मुद्दाम माग पुसला, असंच कोणीही म्हणणार.

तू मागितलेलं पत्र मी लिहिलं. दोनदा लिहिलं. माझ्या नावाचं मला आता काही पडलेलं नाही, तुझ्यापुढे ते ओवाळून टाकीन. पण ज्या बाईंनी ती छत्री डोळ्यांनी पाहिली, त्या तुला पिशवीबद्दल विचारणारच. तेव्हा दुसरं खोटं लागेल, मग तिसरं, आणि तेव्हा मी तिथे नसेन. दोन्ही पत्रं फाडली. तुला ते मिळणार नाही.

हवी तेवढी रागाव. पण ताटावरून उठू नकोस.

तुझी,
आत्या


ता. २० फेब्रुवारी

श्रीमती आत्याबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. माझ्या प्रकरणावर आपण एवढे कष्ट घेतलेत, आभारी आहे.

एक विचारावंसं वाटतं. हे मला शिकवलं कोणी? शब्द बदलले की शाबासकी मिळते, हे मी आपल्याच सतरंजीवर शिकले. पुढे शाळेत, कॉलेजात, विद्यापीठात सगळे हेच सांगत आले की स्वतःच्या शब्दांत लिही. लिहिलं. इतकं चांगलं लिहिलं की संगणकही फसला, आणि आता त्यालाच चोरी म्हणायचं.

सरांनी समितीसाठी निवेदन तयार केलं आहे. टिपा मी स्वतः लावल्या आणि माझ्याच हातून एक गळाली, असं त्यात आहे. मी सही करणार आहे. आपल्या नावाला कुठेही धक्का लागणार नाही, निश्चिंत असावं.

उत्तराची तसदी घेऊ नये.

आपली भाची


ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, नको असले तरी.

तसदी घेते. मला आपण वगैरे म्हणायला लागलीस, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं आहे.

तो खेळ नीट आठव. पुस्तक कुठे असायचं? सतरंजीच्या मधोमध, उघडं. गोष्ट त्यातली आणि सांगणं तुझं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. शाबासकी सांगण्याला होती. गोष्ट मी रचली असं तू तेव्हा कधी म्हणाली नाहीस, इवलीशी होतीस तरी. प्रकरणात तू ते पुस्तक मिटून टाकलंस. मागच्या यादीत नाव घातलं म्हणतेस, पण त्या यादीवरून कोणत्या पानावरचं काय त्यांचं, हे वाचणाऱ्याला कळतं का?

आणखी एक. दवाखान्यात महिनोन्‌महिने बसत होतीस तेव्हा मला पानंच्या पानं लिहायचीस. कोण कुणाशी भांडलं, कोण रडलं, कोणी कुणाला जागा दिली. कालच ती पत्रं पुन्हा वाचली. त्यातलं एक माणूसही तुझ्या प्रकरणात मला दिसलं नाही. ती सगळी गेली कुठे?

निवेदनावर सही करायची की नाही ते तू ठरव. मला दिवसभर काही सुचत नाही, तुझी भीती वाटते आणि तुझ्यासाठीही वाटते. आतली खोली झाडून ठेवली आहे. सही करून आलीस तरी ती तुझीच आहे.

तुझी, हट्टी,
आत्या


ता. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मधल्या काळात नुसत्या फोनवर बोळवण केली, त्याबद्दल कान धर. लिहायला बसले की माझं मागचं पत्र आठवायचं आणि पेन खाली ठेवायचे.

समितीच्या दिवशी निवेदन माझ्या पर्समध्येच होतं. सही केलेलं. लांबलचक टेबल, पलीकडे चौघे, आणि बाई अगदी माझ्यासमोर. मला वाटलं होतं रागीट असतील. दमलेल्या दिसत होत्या, सारख्या पाण्याचा ग्लास सरकवत होत्या. सर मला खूण करत होते की कागद काढ. मी पर्सला हात घातला, तेवढ्यात बाईंनी विचारलं की ती पिशवी ठेवून जाणारी म्हातारी कोणत्या दवाखान्यात होती.

 दवाखान्याचं नाव ओठांवर आलं होतं. कुणालाही पटलं असतं. मी म्हणाले की कुठेच नव्हती. ती तुमची छत्री आहे. बाजूला बसलेल्या सरांनी डोळे मिटून घेतले. मग मी बाकीचंही सांगितलं, क्रम त्यांचा, शंका त्यांची, उत्तर त्यांचं, सगळं. वाक्यं मी घडवली म्हणून विचारही माझा झाला असं मला खरोखर वाटत होतं, फक्त पिशवीच्या जागी नव्हतं वाटत, तिथे मला कळत होतं. बोलताना रडले. थांबवता आलं नाही.

 मग बाईंनी विचारलं की मग तुम्ही तिथे प्रत्यक्ष पाहिलं काय? मला एकदम तू विचारलेलं आठवलं, ती माणसं गेली कुठे. मी सांगितलं की दवाखान्यात लोक आपला नंबर सोडून देतात. आत रिपोर्ट कळणार असला की शेजारच्याला म्हणतात, तुम्ही जा आधी. एक गृहस्थ सकाळपासून तिघाचौघांना पुढे पाठवत बसले होते. बाई म्हणाल्या की न्यायालयात आपला नंबर सोडणारा माणूस त्यांना कधी दिसला नाही, आणि हे प्रकरणात का नाही. मी म्हणाले, तुमच्या क्रमात ते बसत नव्हतं, म्हणून गाळलं.

नोंदणी राहिली. तिसरं प्रकरण बाद, ते नव्याने लिहायचं, वर्षभराची मुदत. झाल्या प्रकाराची नोंद माझ्या नावावर कायम राहणार. कॉलेजने मात्र महिनाअखेरीपासून यायचं थांबवा म्हणून कळवलं. बाबांना मीच सांगितलं. त्यांनी उठून माझ्यासाठी चहा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून काम शोधायला बाहेर पडले. सर भेटायचं टाळतात.

आता लिहिते आहे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलने लिहिते, हे कुणाचं. पहिली पानं नुसती बाईंच्या नावाने भरली. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. मग ते नंबर सोडणारे गृहस्थ आले. लोक डॉक्टरांच्या खोलीत लवकर जाण्यासाठी बसत नाहीत, उशिरा जाण्यासाठी बसतात, असं काहीतरी मी लिहून गेले. समासात कुणाचं नाव घालायचं ते कळेना. हे आधी कोणीतरी म्हटलेलं असणारच, म्हणून ग्रंथालयात आठवडाभर शोधलं. बाईंनाही लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की त्यांच्या वाचनात नाही.

काल तिथे 'मी' लिहिलं. आत्या, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. ते अख्खं जुनं प्रकरण लिहिताना एकदाही काही खोडलं नव्हतं.

येत्या आठवड्यात सामान घेऊन आतल्या खोलीत येते. तोवर जेवढी हट्टी आहेस तेवढीच माझी राहा.

तुझी,
भिंगरी