समोरच्यांचा पॅसेजमधला दिवा

२ तारीख, सोमवार. संध्याकाळ.
आज जिन्यात समोरच्या घरातल्या तिने विचारलं, तुला लाइटचं कळतं ना रे? त्या क्षणी सगळं बदललं. मी हो म्हणालो. असं हो मी आजवर कुणालाच म्हणालो नव्हतो.
अडचण अशी. ती कामावरून येईपर्यंत अंधार पडतो. तिची आई, म्हणजे काकू, शिकवण्या घ्यायला बाहेर. घरात आजोबा एकटे. पॅसेजमधलं बटण त्यांना चाचपडून सापडत नाही. परवा चपलांच्या रॅकवर आपटले. म्हणून तिला वाटेतूनच, फोनवरून, दिवा लावता यायला हवा.
येईल! रिले बसवायचा. काडेपेटीएवढी वस्तू. फोनने हुकूम सोडला की ती आतल्या आत बटण दाबते.
लोकांकडे इलेक्ट्रिशियन असतो. तिच्याकडे मी आहे.
संकल्प: रिले. मग तिला मनातलं सांगणे. मधल्या काळात दाढी वाढवणे.

३ तारीख, मंगळवार.
बाबांनी कॉलेजचा फॉर्म टेबलावर आणून आपटला. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत भर, नाहीतर काकाच्या गोदामात खोकी उचलायला जा. वर म्हणाले, काय दिवे लावणार आहेस ते एकदाचं ठरव. म्हटलं, पॅसेजचा. जेवण अर्ध्यावर सोडून उठलो. (नंतर ताईने ताट खोलीत आणून दिलं. तत्त्व ते तत्त्व, भूक ती भूक.)
कॉलेज मी सोडलं त्याला कारण लॅबचे सर. त्यांचं एकच पालुपद. बटण नेहमी फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवर घ्या, परतीची न्यूट्रल तोडलीत तर दिवा विझेल पण होल्डरमध्ये करंट तसाच राहील, म्हणून आधी टेस्टर. रोज तेच! एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाले, टेस्टर लावलास का? म्हटलं, मला बघूनच कळतं. वर्ग हसला. मी दार आपटून कायमचा बाहेर पडलो. दप्तर आत राहिल्यामुळे परत जावं लागलं, पण तो तपशील झाला.

५ तारीख, गुरुवार.
घरी टेबललॅम्पवर प्रयोग केला. यशस्वी. फोनवर 'बंद' दाबलं की लागतो आणि 'चालू' दाबलं की विझतो. ताई म्हणाली, अगदी तुझ्यावर गेलाय. मी तिच्याशी बोलणं सोडलंय. तार शेजारच्या टर्मिनलला घेतल्यावर सरळ झाला.
नवा टेस्टर आणला. अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

७ तारीख, शनिवार.
बसवला!!
मेन बंद केला. आजोबांचा रेडिओ बंद पडला, ते चिडले. ती स्टूल धरून उभी. माझा पाय तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. अशा वेळी माणसाने तारा बघायच्या की काय बघायचं?
दिव्याच्या दोन तारा, दोन्ही जुन्या, दोन्ही सारख्याच काळपट. एक तोडून मध्ये रिले घ्यायचा. तिने विचारलं, यातली कुठली ते कसं कळतं? खिशात टेस्टर होता. पण तिच्यासमोर टेस्टर काढायचा म्हणजे मला माहीत नाही असं कबूल करणं. म्हटलं, हात बसलेला असला की कळतं. डावी तोडली.
भिंतीवरचं बटण 'चालू' ठेवून त्यावर टेप चिकटवली. आता सगळी सूत्रं फोनकडे. मेन चालू केला, तिने फोनवर दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. ती टाळ्या वाजवत म्हणाली, हुशार आहेस की रे! काकूंनी चहा दिला, दोन चमचे साखर जास्त. सासूबाईंची माया.

८ तारीख, रविवार.
त्यांचा दिवा पूर्ण विझत नाही. माझ्या खिडकीतून स्पष्ट दिसतं. बंद केल्यावरही आत एक मंद, चंद्रासारखा उजेड राहतो.
ती माझ्यासाठी ठेवते. दुसरं काय कारण असणार?

१० तारीख, मंगळवार.
सेटिंग करताना तो दिवा माझ्याही फोनवर घेतला होता. टेस्टिंगपुरता. ती कोपऱ्यावर दिसली की मीच लावतो. आज म्हणाली, मी दाबायच्या आधीच लागतो, टायमर लावलायस का? मी नुसतं हसलो. ती म्हणाली, छान. या 'छान'वर मी जेवलो नाही. (साडेनऊला जेवलो.)

१२ तारीख, गुरुवार.
काकू जिन्यात भेटल्या. अरे, तो दिवा पुरता विझत नाही बघ. म्हटलं, काकू, नव्या टेक्नॉलॉजीत तसंच असतं. बिचाऱ्यांना काय माहीत त्यांच्या घरात काय चाललंय.
ताईला सांगितलं. ती म्हणाली, प्रेमाबिमाचं नाही रे, कुठेतरी तार चुकलीय, टेस्टर लावून बघ. म्हटलं, तू अकाउंट्स बघ. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.
उद्या तिला सांगणार. दाढी नीट आलेली नाही, तरी सांगणार.

१३ तारीख, शुक्रवार.
फॉर्म राहिला. पाचला मी खिडकीत होतो. ती लवकर घरी येणार होती.
ती यायच्या आधी काकू स्टुलावर चढल्या. बल्बच खराब असेल म्हणून बदलायला. शहाण्या बाई, आधी स्वतःच्या फोनवरून दिवा बंद केला; तिने त्यांच्याही फोनवर तो घेऊन दिला होता.
किंकाळी मला इथे ऐकू आली. काकू स्टुलावरून खाली. मी धावलो. आजोबा भिंत धरून विचारत होते, काय पडलं, काय पडलं? काकूंचा हात मनगटात मोडलाय. दवाखान्यात न्यायला ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही.
बल्ब जुना होता. कंपनीवर केस करायला हवी.

१४ तारीख, शनिवार.
केसचं रद्द.
सरांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. दिवा विझेल पण. दिवा विझेल पण.

१६ तारीख, सोमवार.
तिने बोलावलं. टेस्टर घेऊन ये म्हणाली. हातात घेऊन बघितला. अजून प्लॅस्टिकमध्येच? तिने दातांनी फाडलं.
मग म्हणाली, फोनवरून बंद कर. केला. तिने बल्ब काढून होल्डरच्या पिनांना टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. हे बंद आहे का, सांग. मी म्हटलं, नाही. काकू कॉटवर, हात प्लॅस्टरमध्ये. त्या म्हणाल्या, जाऊ दे गं, पोरगं आहे. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.
मग ती म्हणाली, तू बंद केलास म्हणजे तुझ्या फोनवर आहे. तो दिवा तू लावायचास? मी मान हलवली. काढ म्हणाली. तिच्यासमोर काढला.
मेन बंद करून रिले सोडवला. तार जशी होती तशी तिनेच जोडली, मी फक्त स्टूल धरलं. भिंतीवरची टेप काढली, बटणाभोवती अंधारात चमकणारी पट्टी लावली, चपलांचा रॅक दाराबाहेर नेला. झालं. आजोबांनी दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला, विझवला. पुरता विझतो आता. जरासुद्धा उजेड राहत नाही.
आजोबा म्हणाले, हा कोण उभा आहे गं? ती म्हणाली, कुणी नाही, समोरचा.
उद्यापासून गोदाम. काका म्हणालाय, बटणांना हात लावायचा नाही.
मी बाहेर पडलो आणि त्यांचं दार ओढून घेतलं. आवाज न करता. परत जाऊन घ्यावं असं आत काही राहिलं नव्हतं.