कोटाला बोलू द्या

लोहा,
ता. ६ एप्रिल १९८३

ती. पंचफुलाआक्का हिस,

धाकट्या भावाचा जयभीम (धाकटा तुझ्यापेक्षा. शेषापेक्षा मी सहा वर्षांनी मोठा आहे, पण हे त्याला हल्ली कोणीतरी सांगायला हवं). दाजींनाही जयभीम सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? बिलोलीच्या तुमच्या आडाला पाणी किती उरलं? आमच्या आडाचा तळ दिसतो आहे, आणि टँकर एक दिवसाआड येतो, म्हणजे आला तर येतो. शाळा सकाळची झाली. महानंदा बरी आहे. मी मात्र बरा नाही. ताप नाही, खोकला नाही, पण असा धक्का बसला आहे की चार दिवस अन्न गोड लागत नाही (महानंदा म्हणते, भाकऱ्या तेवढ्याच लागतात. तिला ताट दिसतं, तोंड दिसत नाही). हे दुःख तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आई गेल्यावर आम्हा दोघांना तूच वाढवलंस, तेव्हा शेषाच्या वागण्याची थोडी जबाबदारी तुझ्यावरही येते, हे मी रागाने म्हणत नाही.

झालं असं, की मागच्या आठवड्यात लोह्याच्या स्टँडवर उभा होतो. लातूर गाडीचा कंडक्टर मला ओळखतो. तो खिडकीतून ओरडला, ‘काय गुरुजी, मुरुडला तुमचा कोट लई हसवून राहिलाय लोकांना!’ मी म्हटलं, माझा कोट? ‘हाव, तुमच्यापरीस बी जास्ती!’ आणि घंटी मारून गेला. आक्का, मी तिथेच मटकन बसलो. ज्या गाडीने मी जाणार होतो तीच ती गाडी, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

आता तुला आमची सगळी कारकीर्द ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला पुढे लिहवणार नाही. चौसष्टच्या जयंतीला गाणाऱ्या बुवांचा घसा बसला, आणि वेळ मारून न्यायला आम्हा दोघांना पुढे ढकललं. शेषा पाठ केलेलं भाषण विसरला. मी उसना कोट घालून बाजूला उभा होतो, मी सगळ्यांदेखत त्याला दटावलं, त्याने भलतंच उत्तर दिलं आणि मंडप हसून लोळला. तिथून पुढे अठरा वर्षं व्यंकट-शेषा ही जोडी कंधार, अहमदपूर, उदगीर गाजवत राहिली. मी साहेब (कोट पुढे स्वतःचा शिवून घेतला), तो गडी. मी कागद घेऊन प्रश्न विचारायचे, त्याने उत्तरं द्यायची. ‘घरात माणसं किती?’ ‘जेवायला का कामाला?’ लोक शेषाला हसत. मला कोणी एकदाही हसलं नाही. देगलूरला तर अर्धे लोक तेलुगू बोलणारे, शेषाचं बोलणं त्यांना कळलं नाही तरी हसले, आणि माझे प्रश्न कळले तरी हसले नाहीत. पण आक्का, मी हेच माझं यश समजत आलो. खांबाला कोणी टाळ्या वाजवतं का? छप्पर तोच धरतो, हे मात्र सगळे जाणतात. निदान मी तरी तसं समजत होतो.

मग मागच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही. पण नव्या जिल्ह्याचा उत्साह नव्या नवरीसारखा असतो, भांडंसुद्धा माहेरचंच लागतं. तिथल्या समारंभाच्या कमिटीने ठरवलं की कलावंत फक्त जिल्ह्यातलेच घ्यायचे. शेषाची सासुरवाडी मुरुडला, सायकलचं दुकानही तिथेच, म्हणून तो आतला. मी लोह्याचा, जिल्हा नांदेड, म्हणून मी बाहेरचा (पूर्वी तरी आम्ही कुठे एका जिल्ह्यात होतो? तो उस्मानाबादेत, मी नांदेडात. पण तेव्हा कोणाला पडली नव्हती). एका आईच्या पोटचे दोघे, आणि मधे सरकारी हद्द! शेषा म्हणत होता, ‘दादा, थांब जरा, मी बोलतो कमिटीला.’ मला थांबवेना. मी म्हणालो, तू एकटाच जा. विचारणारा नसला तर उत्तरं कुणाला देतोस ते बघू दे मला. कोट त्याच्या घरी खुंटीला होता, तो तसाच ठेवून मी निघून आलो. सात महिने बोललो नाही. तोही बोलला नाही. मला वाटत होतं, आता येईल हात जोडत.

तर त्या कंडक्टरच्या बोलण्यावर मी शनिवारी दुपारी मुरुडला पोचलो. उन्हासाठी सगळेच डोक्यातोंडाला रुमाल गुंडाळतात, तसा मीही गुंडाळला होता, ओळखू न यावं एवढाच हेतू होता असं नाही. बाजाराच्या मैदानावर टँकरची रांग लागली होती. रांगेत माणूस एक नाही. घागरी, बादल्या, डालड्याचे डबे, आणि ज्याच्याकडे जादा भांडं नाही त्याने धोंडा ठेवलेला, कोणी चप्पल, कोणी फुटका कंदील. माणसं लिंबाखाली सावलीला. टँकर येईपर्यंत भांडणं होऊ नयेत म्हणून गावाने शेषाचा कार्यक्रम ठेवला होता. बैल सोडलेल्या गाडीवर तो उभा, आणि शेजारी हातांची लाकडी खुर्ची. खुर्चीवर माझा कोट. बाह्या खुर्चीच्या हातांवर टेकवलेल्या, अगदी मी बसतो तशा.

शेषा कोटाकडे बघायचा. थांबायचा. मग म्हणायचा, ‘जेवायला का कामाला?’ आणि मैदान हसायचं. प्रश्न कोणी विचारलाच नाही, आक्का! पुन्हा थांबायचा, कान पुढे करायचा, आणि लाजून म्हणायचा, ‘साहेब, असं चारचौघांत इचारतेत व्हय?’ तेव्हा तर एका म्हातारीने हसून हसून घागर लवंडली, रिकामी होती म्हणून बरं. काय विचारलं असेल कोटाने? अठरा वर्षांत मला असा प्रश्न सुचला नाही. लोक शेषाला हसत होते आणि कोटालाही हसत होते. मी नसताना खुर्ची रिकामी दिसेल अशी माझी कल्पना होती, ती भरलेली दिसत होती.

शेजारी केवळाबाई नावाच्या बाई बसल्या होत्या. मी विचारलं, ही खुर्चीची काय भानगड? त्या म्हणाल्या, ‘त्याच्या मोठ्या भावाचा नंबर हाय त्यो. लोह्याला ऱ्हातंय. येनार हाय म्हनं.’ कधी येणार? ‘टँकर तरी कवा येतंय ते कुठं ठावं हाय? पर नंबर लावलाय नव्हं. लातूरचा एक मानूस आलता, संग काम करतो म्हनून. ह्यानं खुर्चीला हात लावू दिला न्हाई.’ मी म्हटलं, बाई, हा त्या भावाचा धडधडीत अपमान आहे. त्यांनी मला खालवर पाहिलं. ‘तुमी कोन त्येचे?’ मी म्हणालो, कोणी नाही. हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मीच दचकलो.

त्यानंतर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. शेषा कोटापुढे थांबला की माझे ओठ आपोआप हलायचे. घरात माणसं किती, मी मनात म्हणायचो, आणि माझा शेवटचा शब्द संपायला आणि त्याचं उत्तर यायला एकच गाठ. श्वासाएवढाही फरक नाही. तो माझ्याएवढाच वेळ थांबत होता. मग ‘शेत किती?’ हा प्रश्न आला, जिथे मी नेहमी कागद उलटतो आणि जास्त वेळ घेतो. तोही तेवढा थांबला. मला ती शांतता सोसवेना. रुमालाआडून मी खच्चून ओरडलो, ‘शेत किती?’

आक्का, शंभर माणसं माझ्याकडे वळली. ‘ए बाबा, गप की! कोटाला बोलू दे!’ केवळाबाईंनी तर मला कोपराने ढोसलं. शेषाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो कोटापुढे वाकला आणि म्हणाला, ‘साहेब, सात महिने आवाज बसलाता. सुटला म्हना की!’ असं हसू मी आजवर कोणत्याही कार्यक्रमात ऐकलं नाही. तेवढ्यात टँकर आला आणि अर्ध्या मिनिटात लिंबाखाली चिटपाखरू उरलं नाही. शेषाही घागर घेऊन पळाला, त्यालाही घरी पाणी लागतंच. मी त्याला न भेटता पुढची गाडी धरली.

आता तूच न्याय कर. भावाच्या जागी कापड बसवायचं, त्याला बोलकं करायचं आणि वर त्यालाच मान द्यायचा! अशा माणसाबरोबर मी पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही, हा माझा शेवटचा निर्णय. दाजींच्या गुडघ्याला एरंडाचं तेल लावत जा.

तुझा भाऊ,
व्यंकट

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. कोट माझ्याकडे आहे. सगळे टँकरकडे पळाले तेव्हा मी त्या बैलगाडीवर चढलो आणि तो उचलून आणला. माझाच कोट, चोरी कसली? असं मी अहमदपूरपर्यंत म्हणत होतो. अहमदपूरला आठवलं, की त्या रांगेतला साधा धोंडासुद्धा कोणी हलवत नव्हतं. आक्का, माझा नंबर मीच काढून आणला. खुंटीकडे बघवत नाही मला.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच शेषाचं कार्ड आलं. सात महिन्यांतलं पहिलं. लिहितो: ‘दादा, कोट चोरीला गेला. चोर उंच होता, डोक्याला रुमाल, आणि पळताना डावा पाय ओढत होता असं केवळाबाई सांगते. चौदा तारखेला इथं जयंतीचा कार्यक्रम आहे. खुर्ची रिकामी आहे. तुझा एखादा जुना सदरा पाठव.’ अशा वर्णनाची माणसं मराठवाड्यात पुष्कळ असतील. महानंदा कार्ड वाचून इतकी हसली की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

ता. क. ३. मी मोठा आहे, आपण होऊन ‘येतो’ असं लिहू शकत नाही, हे तू जाणतेस. म्हणून हे काम तुझं. कोटाबद्दल अक्षर लिहू नकोस. शेषाला एवढंच कळव, की सदरा चौदा तारखेला सकाळच्या गाडीने येतो आहे. स्टँडवर उतरवून घ्यायला ये म्हणावं, आत मी आहे.