पास चालतो तिथवर

अण्णा,

मधल्या सुट्टीनंतर मला तास नाही, म्हणून स्टाफरूमच्या खिडकीशी बसून उरलेल्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावी असं मला वाटलं नाही, कारण माझा राग गेलेला नव्हता. तो आजही पुरता गेलाय असं नाही. पण तुमच्या नातीच्या कॉलेजच्या प्रवेशाचा घोळ झालाय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नाक तुमचं घेतलंय आणि हट्ट माझा. तिला डॉक्टर व्हायचं होतं. होतं, असं लिहिताना हात थांबतो.

तुमच्या दुकानातला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. माझी बारावी झालेली. तुळजापूरच्या देवळाच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलं ते हातभर रुंद दुकान, पुढे कुंकवाच्या राशी, मागे टांगलेल्या परड्या, आणि तुम्ही मांडी घालून कवड्यांची माळ ओवताय. गुलबर्ग्याकडून आलेल्या बायांना तुम्ही कानडीत "बर्री अक्का, बर्री" करून बसवलंय. मी गुलबर्ग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र घेऊन आले आणि त्या बायांच्या देखत तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही ते वाचलं, उलटून मागची फी वाचली, आणि घडी घालून परत दिलंत. आई म्हणाली, देवळातल्या चिंतामणीच्या दगडाला कौल लावू, उजवीकडे फिरला तर पाठवू. तुम्ही म्हणालात, "देवीला कशाला कोड्यात घालती? फी तिला भरायचीय व्हय?" बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "आपल्या राज्यात आपुन घरचे. तकडं गेलं की पाव्हणे, आन् पाव्हण्याला समदंच महाग. धाराशिवला बी.एस्सी. कर. एसटीचा पास चालतो तिथवर शीक."

मी म्हणाले, "माळा विकायला गुलबर्गा चालतं, अन् मला शिकायला न्हाय?"

"माळ इकायला हद्द लागत न्हाय. शिकायला लागती. लई बोलाय लागलीस, जा घरी."

एवढंच. तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. उलट पुढच्या कवडीचं भोक चिमटीत धरून दोऱ्यासाठी डोळे बारीक केलेत. त्या शांतपणाचा मला जास्त राग आला. आरडाओरडा केला असतात तर मीही ओरडले असते आणि दोन दिवसांत सगळं मिटलं असतं.

मी धाराशिवला जायला लागले. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद होतं, तुम्ही मात्र धाराशिवच म्हणायचात. आता कागदावरही तेच झालंय. पास तुम्हीच काढून आणलात, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर दोरी ओवून. मी दोरी तोडून टाकली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तुम्ही माझ्याबरोबर स्टँडवर यायचात. गाडी लागली की गर्दीतून घुसून खिडकीतून खांद्यावरचा टॉवेल आत टाकायचात, बाकाचा तेवढा तुकडा माझ्या नावावर व्हायचा. आणि मी काय करायची, अण्णा? आत चढून तुमचा टॉवेल उचलून खिडकीतून तुमच्या हातात द्यायची आणि त्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी बसू द्यायची. तासभर उभी राहायची. तुम्ही खाली उभे राहून बघायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉवेल टाकायचात. दीड वर्ष हे असंच चाललं. एकदा कंडक्टर मला म्हणाला, "काय पोरी, बाप जागा धरतोय अन् तू दान करतीस?" मी त्याच्याकडेही पाठ फिरवली. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी धाराशिवात होते तेव्हा तुम्ही दुकानात बसल्या जागी गेलात. मला बोलवायला चुलते आले. त्या सकाळीही तुम्ही जागा धरली होती आणि मी बसले नव्हते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलासुद्धा.

तर आता लेकीचं. आपल्या भागात पोर दहावीला हुशार निघाली की घरदार लातूरची खोली बघायला धावतं. लातूर जवळ, आपल्याच राज्यात, निकाल चांगले. माझ्या बरोबरीच्या सगळ्या शिक्षिकांनी पोरं तिकडेच घातली. मी लेकीला बिदरला घातली. ह्यांनी दोनदा विचारलं, लातूर का नको? मी म्हणाले, तिकडचा अभ्यास जास्त कडक आहे. निकालाची जाहिरात दाखवली. आतलं कारण ह्यांना कळलं नसेल, पण तुम्हाला कळेल. मला जी हद्द ओलांडू दिली नाहीत, ती माझ्या लेकीने ओलांडलेली मला बघायची होती. तिला वसतिगृहावर सोडायला जाताना गाडीने सीमा पार केली, रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला म्हणाले, बघा. काय बघा, ते मलाच माहीत नव्हतं. नुसतं बघा.

पोरीने दोन वर्षं जीव ओतला. नीटला मार्क आले, आणि असे आले की आपल्या जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळावी. होय, धाराशिवात आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तुळजापूरहून एसटीने जाऊन-येऊन करता यावं एवढ्या अंतरावर, आणि फी अशी की शिक्षिकेच्या पगारात निभावावी. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खुर्ची ओढून ती मोबाईलवर प्रवेशाचा फॉर्म भरत होती, मी मेथी निवडत होते. तहसीलचं डोमिसाईल तयार होतं, जन्मदाखला तयार होता. फॉर्ममध्ये प्रश्न आला, बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण का? तिने "नाही" दाबलं. काही दिवसांनी यादी आली त्यात तिच्या नावापुढे लिहिलेलं, महाराष्ट्राबाहेरील उमेदवार. तुळजापुरात जन्मलेली, दहावीपर्यंत इथल्याच शाळेत शिकलेली, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायांच्या मांडीवर खेळलेली माझी पोर महाराष्ट्राबाहेरची. राज्याच्या वाट्याच्या जागा तिला बंद. देशभराच्या यादीत नंबर पार मागे राहिला. कर्नाटकात विचारलं तर ते म्हणाले, इथं दोनच वर्षं शिकली, ती इथली नाही. बाहेरच्यांसाठी खाजगी कॉलेजात जागा आहे, फी बाहेरच्यांची. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पुन्हा परीक्षा देऊनही उपयोग नाही, कारण मार्क बदलतील, बारावी बदलणार नाही.

आम्ही दोघांनी खाजगीचा हिशेब करून बघितला. राहतं घर विकलं तरी पहिली दोन वर्षं जेमतेम निघतात, पुढे काय? त्या जागेला हो किंवा नाही कळवायची काल शेवटची तारीख होती. काल सकाळी मी भाकरी थापत होते, तर ती येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, कळवून टाकलं म्या. जागा नको म्हणून."

मी तवा उतरवला. म्हणाले, "मला विचारायचं तरी."

"तू हो म्हणाली असतीस. घर विकलं असतंस. त्यापरीस मी धाराशिवला बी.एस्सी. करते. तुझं तेच झालं की, काय वाईट झालं?"

ती मला धीर द्यायला बोलत होती. तिला काय माहीत, आपली आई तेवढ्यासाठी स्वतःच्या बापाशी दीड वर्ष बोलली नाही ते. मी रडायला लागले, तर उठून तिनेच माझे डोळे पुसले. तिच्या हाताला पीठ लागलं. म्हणाली, "रडू नको ना. चूक कुणाचीच न्हाय. डोमिसाईल असलं की झालं, असंच वाटलं समद्यांना. आपल्याला नियम ठाऊकच नव्हता."

मी म्हणाले, "व्हय. ठाऊक नव्हता."

अण्णा, मला ठाऊक होता. बिदरला घालायच्या वेळी तिचा शाळेचा दाखला काढायला मी गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कने शिक्का मारायच्या आधी हात थांबवला होता. म्हणाला, "बाई, राग मानू नका. धावी हितं झाली, बारावी बी हितंच होऊ द्या. तकडं केली की डॉक्टरीला हितल्या जागेतनं पोरगी बाद हुती. डोमिसाईल कामाला येत न्हाय." इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्याने. ह्यांना आणि पोरीला मी बाहेर गाडीजवळ थांबवलं होतं. मला त्याच्या तोंडून तुम्हीच बोलताय असं वाटलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "माझ्या पोरीला असल्या राखून ठेवलेल्या जागांची गरज पडायची नाही. तुम्ही शिक्का मारा." त्याने मारला. मी शिक्षिका आहे, दोन फोन केले असते तरी खरंखोटं कळलं असतं. मी एकही केला नाही. घरी येताना ह्यांनी विचारलं, एवढा वेळ का लागला, तर म्हणाले, साहेब जागेवर नव्हते. एका मेलेल्या माणसाशी भांडण जिंकायला मी जिवंत पोरीचं नशीब पणाला लावलं आणि हरले.

उद्या तिला घेऊन धाराशिवला जायचंय, प्रवेश घ्यायला. गाडीत तासभर ती माझ्या शेजारी असेल, सांगायचं तर तेवढा वेळ पुरेसा आहे. काय बोलायचं ते मी सकाळपासून तीनदा मनात जुळवलं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही वर मान करून माझ्याकडे बघणार नाही. ती बघेल. मी तिला सांगणार नाही, अण्णा.