ओसरीतला बल्ब

गोरेगाव

प्रिय सोमेश्वर,

अनेक आशीर्वाद. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून लिहून राहिले. कागदाला घाई नसते.

मागच्या आठवड्यात दिव्याची अवस झाली. तुझे आबा गेल्यानंतरची पहिलीच. समया, निरांजनं चिंचेनं घासून पाटावर मांडली, तरी पाट अर्धा रिकामाच. या दिवशी आबा घरातले सगळे बल्ब उतरवून आणायचे ना! "तुझे दिवे तू घास, माझे मी पुसतो," म्हणायचे. शेजारची मनकर्णाकाकू दरसाल हसायची, "काहून वो भाऊजी, बल्बालाबी कुंकू?" आबा सांगायचे, वर्षातून एकदा काढून पुसला की बल्ब होल्डरात अडकून बसत न्हाई. तिच्या न्हाणीतला बल्ब होल्डरासकट हातात आला, तेव्हा तिला ते पटलं.

यंदा मीच केलं. मेन स्विच बंद करून स्टुलावर चढले. काकूनं स्टूल धरलं होतं, काळजी करू नको. होल्डर कोरड्या फडक्यानं पुसले. बल्बाच्या टोपीला बाजूनं नखावर मावेल एवढंच व्हॅसलिन लावलं, टाचांसाठी आणलेल्या डबीतलं. खालच्या दोन ठिपक्यांना लावायचं न्हाई, तिथून वीज येते. आबा हे तुला शिकवत होते, मी भाकरी थापता थापता ऐकलेलं. देवघर, सैपाकघर, न्हाणी, तुझी खोली, सगळीकडचे झाले. तुझ्या खोलीतला अजून नव्यासारखाच आहे, लावतंय कोण. मग हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली. टाळी माझी एकटीचीच. कणकेचे दिवे मात्र सवयीनं तिघांपुरते केले. दोन दिवस तेच खाल्ले.

ओसरीतला बल्ब तेवढा राहिला. उंच आहे, हात पुरत न्हाई, असं काकूला सांगितलं. स्टूल तेच होतं, आणि ओसरी आपल्या सैपाकघराहून ठेंगणी आहे, हे तुला ठाऊक आहे. परवा तो बल्ब गेला, आता फिरवलाही फिरत नसेल. दुकानदार पुनमचंदभाऊ म्हणाले, "वहिनी, मी येऊन काढून देतो." मी म्हटलं, राहू द्या, माझा सोमेश्वर येऊन राहिला. तेराव्यानंतर तू आलाच न्हाईस, म्हणून काकू रोज विचारते, कधी? मी निरांजन घेऊन ओसरीत बसते. नवा बल्ब आणून ठेवलाय. डबीत एका बल्बापुरतं व्हॅसलिनही राखलंय.

तुझीच,
आई