स्वार्थी म्हणायचं कुणाला?

गुरुवार, संध्याकाळ

अजून तेच डोक्यात आहे. आज बारावीला जुन्या कादंबरीतली, मूल टाकून घर सोडणारी नायिका शिकवली. पंधरा वर्षं सांगते तेच सांगितलं, ती स्वार्थी आहे. भवानी पेठेतली रेणुका उभी राहिली. "मॅडम, माजी आई पण अशीच गेली. स्वार्थी नव्हती ती. बाबा लई मारायचे तिला."

मी म्हटलं, "परीक्षेत स्वार्थीच लिही, मार्क मिळतील." असं कसं बोलले मी? तिनं खाली मान घालून तो शब्द वहीत लिहिला.

तास संपल्यावर तिला गाठलं. "माझं चुकलं गं. तुला वाटतं तेच लिही."

"आणि बोर्डाच्या पेपरात?"

मी वह्यांचा गठ्ठा सावरू लागले. तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम, लई दमलाय तुमी," आणि माझ्या हातातल्या वह्या घेऊन जिना उतरू लागली.